दुसरा नंबर

शनिवार, १० एप्रिल

विहीणबाई,

पत्र बघून घाबरू नका. तुमची लेक दवाखान्यात आहे. जिवंत आहे. हे आधी वाचा, मग खाली बसा, मग पुढचं वाचा.

पत्र घेऊन आलेला माणूस भाजीच्या ट्रकचा ड्रायव्हर आहे, आमच्याच गल्लीतला. रस्ते बंद असले तरी त्याच्याकडे परवाना आहे. एक दिवस माल भरून तुमच्या गावाला येतो, दुसऱ्या दिवशी परततो. त्याला दारात उभं करून लगेच उत्तर लिहून द्या. घरात फोन होता तो एकच, तिचा, आणि तो तिच्याबरोबर गेला. शेजारची मास्तरीण आमचं आजारी घर म्हणून खिडकीसुद्धा उघडत नाही. आणि फोन असता तरी मला त्यात काय ऐकू येतं ते तुम्ही जाणता. कापडाच्या गिरणीने माझे कान कधीच खाल्ले.

तिने तुम्हाला काय सांगितलं होतं मला ठाऊक नाही, पण ताप रविवारपासून होता. मंगळवारपर्यंत उभी राहून बारकीला आंघोळ घालत होती, मी ओरडले तेव्हा कुठे आडवी झाली. बुधवारी एका वाक्यात तीनदा थांबायला लागली. मग पडल्या पडल्या तिनेच फोनवर बेडसाठी नाव नोंदवलं. आता असा नियम आहे म्हणे. आधी नाव द्यायचं, ते बोलावतील तेव्हाच जायचं, नाहीतर दारातून परत. गुरुवारी आम्ही वाट बघितली. फोनची बॅटरी संपली होती, त्यामुळे काही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी तिची नखं निळी दिसली. मग मी नियम चुलीत घातला.

रिक्षावाले तिला बघून वेग वाढवायचे. शेवटी पाव पोचवणाऱ्याच्या गाडीपुढे मी आडवी उभी राहिले. तो म्हणाला, "आजी, बाजूला व्हा." म्हणजे असंच काहीतरी म्हणाला असणार. मी काही हलले नाही. पावाचे ट्रे रस्त्यावर उतरवले, तिला आत निजवलं, बारकीला पुढे बसवलं. माणूस वाईट नव्हता. ट्रे सोडून आला, दिवसभर थांबला.

पहिल्या दवाखान्याच्या फाटकालाच पाटी, जागा नाही. दुसऱ्यात खिडकीवर नोंदणीचा नंबर विचारला आणि परत पाठवलं. तिसरा सरकारी. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये माणसं खुर्च्यांवर बसलेली, दोघांत एक सिलिंडर. आम्हाला खुर्चीही नाही. मी तिला अपघात विभागाच्या पायरीवर बसवलं आणि तिला टेकायला पाठ हवी म्हणून मागे मी बसले. वॉचमन येऊन ओरडला. मी कानाला हात लावून दाखवला. तो आणखी ओरडला, मी कान आणखी पुढे केला. मग नर्स येऊन ओरडली. मग एक डॉक्टर आला, डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं त्याचं. तो ओरडला नाही. तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि स्ट्रेचर मागवलं. दुपारी तीनला आत घेतलं. बहिरेपणाचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.

आत कुणाला सोडत नाहीत. लेकाला जहाजाच्या ऑफिसमार्फत निरोप दिला आहे, पण जहाज कुठल्याच बंदराला लागू देत नाहीत म्हणे. तुम्ही काळजी करणारच, करा, पण जेवत जा.

बारकीची आजी (इकडची)


सोमवार, १२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. ड्रायव्हरला बसायला सांगितलं तर तो दारातच उभा राहिला, त्यामुळे घाईत लिहिते आहे.

मला तिने फक्त सर्दी सांगितली होती. शुक्रवारपासून तिचा फोन लावते आहे, नुसता वाजतो. दवाखान्याचा नंबर मिळवला, तो चोवीस तास गुंतलेला. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, हजारो अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं, आणि आज स्वतःच्या मुलीपर्यंत माझा आवाज पोचत नाही. इथे गावाबाहेर पडायला बंदी आहे. पाससाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. वय जास्त म्हणून.

एक गोष्ट नीट आठवून कळवा. गुरुवारी दुपारी तिला कुठून फोन आला होता का? दवाखान्यातून, किंवा त्या बेडच्या ऑफिसातून? आणि बॅटरी नक्की किती वाजता संपली? सकाळी की दुपारनंतर? एवढं मला कळायला हवं.

तुम्ही धावपळ केलीत त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.


बुधवार, १४ एप्रिल

विहीणबाई,

ऋण-बिण राहू द्या. ती सून माझी आहे, पाहुणी नाही.

आधी तब्येत. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खिडकी आहे. रोज चारला तिथला माणूस यादी घेऊन बसतो आणि एकेका पेशंटची अवस्था मोठ्याने वाचतो. पन्नास-साठ जण लांब लांब उभे असतात, आपलं नाव आलं की कोणी मान हलवतो, कोणी मटकन खाली बसतो. पहिल्या दिवशी मी सगळ्यांची तोंडं बघत उभी राहिले आणि यादी संपली. मग खिडकीवर थाप मारली. आता तो माझ्यापुरतं कागदाच्या तुकड्यावर लिहून देतो. रविवारी लिहिलं, "स्थिर". सोमवारी "स्थिर". मंगळवारी "स्थिर, मास्क मोठा लावला". मी विचारलं, मोठा म्हणजे बरं की वाईट? त्याने खांदे उडवले. आज पुन्हा "स्थिर". दगडही स्थिरच असतो, पण ठीक आहे.

डब्यातून तिला चिठ्ठी पाठवली होती. डबा रिकामा परत आला, चिठ्ठी नाही. जेवली ती की दुसरं कोणी, देव जाणे.

बारकी बरी आहे. आईच्या ओढणीचा मास्क करून मागितला, करून दिला. आता तो घरातही काढत नाही. मी दिवसभर मशीनवर मास्क शिवते, गल्लीतला शिंपी कापड आणून टाकतो. मशीन चालू असलं की पायाखालची फरशी हलते, तेवढीच घरात जाग. पाय थांबला की घर असं मोठं होतं की या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचा कंटाळा येतो. दोन खोल्यांचं घर आहे, तुम्ही बघितलंय.

बॅटरी कधी संपली ते मी घड्याळ लावून बघितलं नव्हतं. तुम्ही फोनच्या ऑफिसात होतात हे खरं, पण माझी उलटतपासणी घेऊ नका. संपली म्हणजे संपली.


शुक्रवार, १६ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्हाला राग आला. मी उलटतपासणी घेत नाही, पण माझा प्रश्न तुम्ही टाळलात हेही खरं आहे. सकाळी संपली की दुपारी? दुपारी दोननंतर फोन चालू होता का? तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. मला वाटत नाही. कारण मी सांगू शकत नाही, पण मला याचं उत्तर पाहिजे आहे.

मोठा मास्क म्हणजे ऑक्सिजन जास्त लागतो आहे. मी इथल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, पहिले चोवीस तास महत्त्वाचे असतात, वेळेत आलेले पेशंट बहुतेक बरे होतात. त्याला नमस्कार करून घरी आले आणि तशीच चपला घालून पलंगावर बसून राहिले.

ती लहान असताना माझी ड्यूटी असली की एक्स्चेंजमध्ये माझ्या खुर्चीखाली बसून खेळायची. कोणाला दिसू नये म्हणून खोकलासुद्धा दाबून धरायची. हे तुम्हाला का लिहिते आहे माहीत नाही.

उत्तराची वाट बघते.


रविवार, १८ एप्रिल

विहीणबाई,

दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आणत नाही. तुम्हाला कळलंच आहे, तर माझ्या तोंडून ऐका.

बॅटरी संपली नव्हती. फोन मी बंद केला.

दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. गुरुवारी बारा वाजता कुठे झोप लागली. आणि तो फोन स्टुलावर सारखा थरथरायचा. कुणाकुणाचे फोन, "कशी आहेस गं" विचारायला, उत्तर देताना तिला धाप लागते याचं कुणाला काही नाही. मला आवाज येत नाही, पण तो थरथरला की तिची पापणी उडायची ते दिसायचं. मी बाजूचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. बारकीने खेळायला घेऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला. ती साडेपाचपर्यंत झोपली. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते आणि विहीणबाई, खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. उठल्यावर तिने हाताने विचारलं, फोन? मी म्हटलं, बॅटरी संपली, चार्जिंगला लावलाय. तेव्हा ओरडा नको म्हणून थाप मारली, तीच तुम्हाला लिहिली.

शुक्रवारी निघताना मी फोन डब्यातून काढून तिच्या हातात दिला, पावाच्या गाडीत तिने तो सुरू केला. बराच वेळ वाचत राहिली. मग पडदा माझ्यापासून फिरवला आणि फोन पालथा मांडीवर ठेवला. मला वाटलं, दमली.

दुसऱ्या दवाखान्याच्या खिडकीवर कळलं. त्या बाईने नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. मी चौथी पास आहे, एवढं वाचता येतं. गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, बेड दिला. फोन बंद. रद्द. त्याच दवाखान्यातला बेड होता, आमच्यापासून पंचवीस पावलांवर असेल. तो दुसऱ्या कुणाला गेला होता.

पायरीवर बसून मी वॉचमनशी भांडले ते शौर्य म्हणून तुम्हाला लिहिलं. ते शौर्य नव्हतं. घालवलेलं परत मिळवायची धडपड होती.

चिठ्ठ्या सोबत पाठवते. गुरुवारी "स्थिर". शुक्रवारी "नाजूक". काल "नाजूक, मशीन लावलं". आज तेच. मी त्याला विचारलं, श्वासाचं मशीन? त्याने मान हलवली.

आता काय बोलायचं ते बोला.


मंगळवार, २० एप्रिल

विहीणबाई,

मला काही कळलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या मुलीला बेड मिळाला होता, आणि तुम्ही फोन तांदळात पुरून वारा घालत बसलात. अकरा वर्षं ती तुमच्याकडे आहे. तुमचं बोलणं तिने ऐकून घेतलं, मला कधी अक्षर सांगितलं नाही, पण आई असल्यामुळे मला समजत होतं. तुमच्या हातात सगळं घर, सगळ्या किल्ल्या, कोणी कधी उठायचं, कधी झोपायचं ते तुम्ही ठरवणार. त्या दिवशीही तुम्हीच ठरवलंत. हा सगळा दोष तुमचा आहे. दुसऱ्या कोणाचा नाही. हे मी लिहून ठेवते आहे.

रस्ते उघडले की बारकीला मी घेऊन जाईन. तोवर मला खिडकीवरची चिठ्ठी तेवढी पाठवत जा. तुमचं स्वतःचं काही लिहू नका.


गुरुवार, २२ एप्रिल

सोबत चिठ्ठी आहे. तेवढीच मागितली होतीत.

आज त्याने काही लिहिलं नव्हतं, नुसता माझ्याकडे बघून कागद फिरवत बसला. मीच म्हटलं, लिहा, तिच्या आईला पाठवायचं आहे. मग लिहिलं. पहाटे पावणेपाच.

लांबून दाखवली. गुंडाळलेली होती, तोंड दिसलं नाही. उंचीवरून ओळखली. पुढचं सगळं त्यांनीच केलं.

तुमचं पत्र ड्रायव्हरने त्यानंतर दिलं. बरोबर लिहिलंत.


सोमवार, ३ मे

विहीणबाई,

तुमच्या लेकाने जहाजावरून मला फोन केला होता. तो म्हणाला, "आई, माझ्या आईला सांभाळा, शेजारी सांगतात ती कुणाशी बोलत नाही, बारकीच सगळ्यांना उत्तरं देते." मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर बारा दिवसांत पहिल्यांदा मला मोठ्याने रडू आलं, कारण कोणाला सांभाळायला सांगतोय हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मी तुम्हाला बॅटरीबद्दल का विचारत होते, ते सांगते.

गुरुवारी दोन वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला. तिने नाव नोंदवताना दुसरा नंबर माझा दिला होता. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दिला असणार. पलीकडे तरुण मुलगा. तिचं नाव घेतलं, म्हणाला, तुमच्या पेशंटसाठी बेड आहे, तासाभरात आणता का, हो की नाही लगेच सांगा. आवाज घोगरा, घाईचा, मागे पाच-सहा जण एकदम बोलत होते आणि कोणीतरी हसलं. मी एकतीस वर्षं आवाज ऐकले आहेत. कोण खोटं बोलतंय ते पहिल्या तीन शब्दांत ओळखायचे, ऑफिसात माझा तसा लौकिक होता. त्या आठवड्यात पेपरात रोज येत होतं, बेडच्या नावाने फसवणारे फोन करतात. आणि माझ्या मुलीला तर फक्त सर्दी होती. मी त्याला म्हणाले, "लाज वाटत नाही का? आजारी नाहीत त्यांनाही सोडत नाही तुम्ही?" तो म्हणाला, "काकू, मग नकार लिहू का?" मी म्हणाले, "खुशाल लिही." आणि फोन ठेवला.

लगेच तिला लावला. बंद होता. मला वाटलं, झोपली असेल, नंतर सांगू, हसू दोघी.

तो मुलगा खरा होता. दिवसभर बोलून त्याचा घसा बसला होता, एवढंच.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हापासून मला एकच हवं होतं. तिच्या फोनवर दुपारी त्यांचा दुसरा फोन आलेला असावा, म्हणजे माझा नकार चालला नाही असं होईल. म्हणून वेळ विचारत होते. आणि तुमचं कबुलीचं पत्र आलं तेव्हा, देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. सगळं तुमच्या अंगावर टाकायला मिळालं. त्याच भरात ते पत्र लिहिलं. "दुसऱ्या कोणाचा नाही" हे वाक्य मी दोनदा गिरवलं होतं, तुम्हाला शाई जाड दिसली असेल.

मी तुमची माफी मागत नाही, कारण कशाची मागू ते समजत नाही. तुम्ही हे पत्र तुमच्या लेकाला दाखवलंत तरी चालेल.


गुरुवार, ६ मे

विहीणबाई,

पत्र मिळालं. बसून वाचलं, मग उठून भांडी घासली, मग परत वाचलं.

माझ्या मनात काय आलं ते सांगते, तुम्हाला आवडो न आवडो. आधी राग आला. पंधरा दिवस मी एकटीने ते वाहिलं आणि तुम्ही तिकडे बसून मला वाहू दिलं. मग रागाच्या मागून दुसरंच आलं. आता कुणीतरी आहे. ही काही चांगली गोष्ट नाही, पण मी खोटं का बोलू? गल्लीतल्या बाया माझ्यापुढे येऊन म्हणतात, "आजी, तुम्ही होता होईल तेवढं केलंत, गाडीपुढे उभ्या राहिलात." मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटतं. तुमच्यापुढे तरी तसं वाटणार नाही.

मी फोन बंद केला नसता तर तुम्हाला फोन आलाच नसता. तुम्ही हो म्हटलं असतंत, तरी मला कळवायचं कसं, फोन तांदळात. पण वेळ तरी मिळाला असता, पोलिसाला सांगून कुणी दार ठोठावलं असतं. असं मी मशीनवर बसून रोज इकडून तिकडून जुळवून बघते. जास्त कुणाचं आणि कमी कुणाचं, ते काही निघत नाही. आता सोडून दिलं. तुम्हीही सोडा.

एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. दवाखान्याने तिचं सामान दिलं, त्यात फोन होता. तुमचं पत्र आल्यावर मी बारकीला तो सुरू करायला लावला आणि मेसेज कुठे असतात विचारलं. तिला बाहेर पाठवून एकेक अक्षर लावत वाचलं. बेड दिला. पहिला नंबर बंद. दुसऱ्या नंबरवरून नकार. एकाखाली एक.

म्हणजे गाडीत तिने वाचलं त्यात आपण दोघी होतो. सासूही आणि आईही. बोलायची ताकद नव्हती म्हणावं तर पायरीवर बसल्यावर मान मागे वळवून मला म्हणाली होती, "आई, तुम्हाला ऊन लागतंय, सरकून बसा." एवढं बोलायला श्वास होता तिच्याकडे. ते बोलायला नव्हता असं नाही. तिने ते बोलायचं नाही असं ठरवलं. तुमची लेक, त्या बाबतीत तुमच्यावर गेली नव्हती, माझ्यावर तर नाहीच.

लेकाला काही दाखवणार नाही. तो समुद्रावर आहे, तिथे त्याला धरायला कोणी नाही. जमिनीवर आला की बघू.

पण बारकी विचारते. रोज नाही, मधूनच, जेवताना. "आजी, आईला आधी का नाही नेलं?" ती गाडीत होती, तिने सगळं बघितलंय, तिला थापा चालायच्या नाहीत. मी माझं सांगितलं तर ती तुम्हाला विचारेल, तुम्ही का नाही काही केलंत. तुम्ही तुमचं सांगितलंत तर मला विचारेल. अर्धं अर्धं ऐकून ती एकीला धरेल आणि एकीला सोडेल, आणि तिच्याकडे सोडायला आता माणसं फार नाहीत.

सोमवारपासून बस सुरू होतेय असं ड्रायव्हर म्हणतो. तिला घेऊन जायला येऊ नका. राहायला या. मी फटकळ आहे, ते काही या वयात सुटायचं नाही, आणि तुम्ही मनात ठेवता, तेही सुटायचं नाही. निभेल. आल्या आल्या रडायचं असेल तर रडून घ्या, मला ऐकू येणार नाही, संकोच करू नका.

मग तिला समोर बसवू. आधी मी बोलेन, माझं आधी घडलं. मध्ये थांबले तर पुढचं तुम्ही सांगा.